सबनिसांची ग्लिसरीनची बाटली

सबनिसांनी मला फसवलं. वाशीतलं माझं जनरल स्टोअर मी हातगाडीपासून उभं केलं, भावात कुणाला हार गेलो नाही. पण साबणाच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या या म्हाताऱ्याने मला हातोहात फसवलं.

ऐंशीच्या सुमारास आमच्या सेक्टरात इमारती पुष्कळ, माणसं थोडी. संध्याकाळी खाडीचा वारा सुटला की रस्त्यावर मी, दिव्याचा खांब आणि सबनीस. ते आले की आधी गिऱ्हाइकांचे हात बघत. क्रीम घेणाऱ्या बाईंना सांगत, "ठेवा ते. साबण करताना ग्लिसरीन सुटतं, ते कारखानेवाले काढून विकतात. साबणाने अंग फुटलं की तेच तुम्ही क्रीममधून विकत घेता." बाई क्रीम ठेवून चालू लागायच्या. मी जळायचो.

करावेहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईलाही त्यांनी ग्लिसरीन सुचवल्याशिवाय सोडलं नाही. ती म्हणाली, "म्हावऱ्याचा वास जाईल काय त्यानी, काका?"

"वास नाही, भेगा जातील."

"मंग राहू दे. भेगा वलकीच्या हायत."

मग सबनीस स्वतःसाठी ग्लिसरीनची बाटली मागायचे आणि घासाघीस सुरू. मी भाव सांगायचा, त्यांनी निम्मा करायचा. मी आवाज चढवला की म्हणायचे, "आधी हात द्या." पोती उचलून माझे तळवे चिरलेले. दुकानातल्या उघड्या बाटलीतले चार थेंब घ्यायचे, माठातलं पाणी मिसळायचे. "नुसतं लावू नका. सुक्या हवेत ते कातडीतलंच पाणी ओढतं. ओल्या हाताला लावलं तर पाणी धरून ठेवतं." बोलता बोलता माझे दोन्ही हात चोळत राहायचे आणि भाव पाडत राहायचे. हात दुसऱ्याच्या हातात असताना माणूस भांडणार कसा?

शेवटी "नाही जमत" म्हणून निघायचे. अगदी सावकाश, खांबापर्यंत. गिऱ्हाईक पाठ फिरवतं, दुकानदार हाक मारतो, हा धंद्याचा रिवाजच आहे. मी ओरडायचो, "ओ सबनीस, या, घेऊन जा!" ते लगबगीने परत यायचे.

एका दुपारी त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला. वडिलांना कायमचं पुण्याला नेत होता. त्याने काउंटरवर एक खोकं ठेवलं. आत माझ्याच बाटल्या, एकीचंही बूच उघडलेलं नाही.

"परत घेता का? आई गेल्यापासून घरात कुणी लावत नाही. तिच्या हातांना बाबाच लावून द्यायचे."

म्हणजे ज्याच्याशी घसा फोडून मी भाव करत होतो, त्याला बाटली नकोच होती.

सबनीस टेम्पोत पुढे बसले होते, नजर समोर. टेम्पो निघाला, खांबापाशी आला. मी रस्त्यावर उतरून हाक मारली, "ओ सबनीस, या! तुमच्या भावात घ्या!"

टेम्पो थांबला नाही.

खोकं फळीवर आहे, मी ते विकत नाही. थंडीत हात फुटतात तेव्हा माझं मीच लावून बघतो. नुसतं चिकट लागतं. हाक मारली की गिऱ्हाइकाने परत यायचं असतं. सबनीस, तुम्ही खांबापासून परत का आला नाहीत, ते इथे येऊन, माझ्यासमोर उभं राहून सांगा.