शेवंता शेकरूचा अर्धा दिवस

एका जंगलात, बाळांनो, एक कंपनी होती. एवढी झाडं असतात जंगलात, मग एखादी कंपनी का नसावी?

या कंपनीचं तंत्रज्ञान फार पुढारलेलं होतं. जंगलभर वेली ताणल्या होत्या आणि घराघरापाशी त्यांना शिरीषाच्या वाळक्या शेंगा टांगल्या होत्या. वणवा दिसला, की डोंगरावरचा पहारेकरी वेल ओढायचा. सगळीकडे शेंगा खुळखुळायच्या आणि सगळे सावध व्हायचे. या वेलींवर चाळीस वानर काम करत. चाळीसही नर.

एकदा कंपनीचे मालक गवासाहेब शेजारच्या जंगलात गेले. तिथल्या कंपनीत बायका कामाला होत्या. साहेबांना फार कमीपणा वाटला. परत येताच त्यांनी पिसाजीराव मोरांना महिला प्रोत्साहन अधिकारी नेमलं. मोरच का, असं विचारू नका. माद्यांपुढे पिसारा फुलवण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला होता?

पिसाजीरावांनी शेवंता नावाच्या शेकरूला नोकरीवर घेतलं. शेकरू म्हणजे खारीची थोरली बहीण, उंच झाडांवरून सरसर धावणारी. तिची एकच अडचण निघाली. तिला काम येत होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्या वेली पायाखाली घातल्या. ओढ्यावर दोन वेलींना जोडणारी गाठ पार झिजली होती. ती सुटली, तर पलीकडच्या माळावर एकही शेंग वाजणार नव्हती. माळावर टिटवी राहायची. तिने नुकतीच चार अंडी घातली होती, उघड्या जमिनीवर. शेंगा वाजल्या की अंडी ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत न्यायची, असं तिने ठरवून ठेवलं होतं. फाल्गुन लागला होता आणि गवत वाळून कडकडीत झालं होतं.

शेवंता गवासाहेबांकडे गेली. "साहेब, अर्धा दिवस द्या. ओढ्यावरची गाठ नवी बांधते."

"बांधा की," साहेब म्हणाले. "पण आज तुमचा सत्कार आहे."

सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. दुसऱ्या दिवशी फोटो होता. शेवंताला हातात वेल धरून हसायला सांगितलं. तिने हातासरशी खरीच गाठ मारायला घेतली, तर फोटोवाला कुरकुरला, की मान खाली घालू नका, चेहरा दिसत नाही.

मग 'स्त्री आणि वेल' या विषयावर परिसंवाद झाला. पाच वक्ते, पाचही नर. शेवंताला आभार मानायला ठेवलं होतं. त्यानंतर चार दिवस पाहुणे येत राहिले आणि ते येतील तेव्हा दिसावी, म्हणून तिला दारातच बसवलं.

शेवटी तिने वानरांना विनवलं, की तुम्ही तरी बांधा ती गाठ. वानर म्हणाले, बाईच्या कामात आम्ही हात घातला, तर पिसाजीराव रागावतात.

ती पिसाजीरावांकडे गेली. ते मायेने म्हणाले, "ताई, गाठी बांधायला चाळीस जण आहेत. पण व्यासपीठावर बसवायला आमच्याकडे तुम्ही एकट्याच."

आणि त्यांनी तिच्यासाठी आणखी एक पुरस्कार ठरवला.

त्या पुरस्काराच्या दिवशी दुपारी वणवा लागला. पहारेकऱ्याने वेल ओढली. अलीकडच्या जंगलात शेंगा वाजल्या. ओढ्यावरची गाठ सुटली आणि माळ गप्प राहिला.

पिसाजीराव दीप पेटवत होते. शेवंता व्यासपीठावरून उडी मारून धावली. ती पोचली तेव्हा माळ काळा पडला होता. टिटवी अंड्यांच्या जागी उभी होती.

"शेवंता," तिने विचारलं, "शेंगा का नाही गं वाजल्या?"

शेवंताच्या अंगावर अजून सत्काराची शाल होती. तिला त्या शालीची इतकी लाज वाटली, की तिने ती तिथेच राखेत टाकली.

चौकशी झाली. समितीत गवासाहेब, पिसाजीराव आणि एक वानर होते. गाठीची जबाबदारी शेवंताची होती, असं ठरलं. एवढं प्रोत्साहन देऊनही तिने एकसुद्धा गाठ बांधल्याचं आढळलं नाही. तिला काढून टाकलं. यापुढे बाई घेताना विचार करावा, असाही शेरा समितीने मारला. पिसाजीरावांना मात्र शेजारच्या जंगलाने उत्तम प्रोत्साहनाबद्दल मानपत्र दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता ओढ्यावर गेली. तिने नवी गाठ बांधली, माळावर नव्या शेंगा टांगल्या आणि वेल ओढून पाहिली. शेंगा खुळखुळल्या. टिटवीने मान वर करून ऐकलं.

सगळ्याला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. नोकरी नसल्यामुळे शेवंताकडे आता वेळच वेळ होता.

तात्पर्य : बायकांना कंपनीत आणायचं असेल, तर त्यांना भरपूर प्रोत्साहन द्यावं. त्यांच्याकडून काम करून हवं असेल, तर नोकरीवरून काढून टाकावं.