परत गेलेल्या कानयंत्राची हकीकत

श्री॥ दूरच्यास जवळ आणणारा आणि जवळच्यास दूर नेणारा जो कोणी देव असेल त्यास नमन करून, हकीकत जशी कानी आली तशी लिहितो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर. ते साली एक राज्य होते आणि त्या राज्यात टपालाची दौलत होती, तिला विलंबी हे नाव बारमाही शोभत असे. दौलत मोठी जुनी. लाल डबे गावोगाव टांगलेले, खाकी जासूद कोणी पायी कोणी सायकलस्वार, ठाणी डोंगरापासून दर्यापर्यंत. राजे बदलले, वजीर बदलले, परंतु शिक्का आणि डिंकाची बाटली यांस कोणी हात लाविला नाही. आणि कारभार सारा कायद्याने चाले, व कायद्यात दयेपुरता रकाना आखावयाचा राहून गेला होता.

त्या राज्यातील एका गावी राघोजी सुतार आणि त्याची बायको सगुणाबाई नांदत होती. एकुलता एक पुत्र मुकुंदा. त्याने रंधा हाती न धरिता वाळूच्या मुलुखी जाऊन लोखंडी सळया बांधण्याची चाकरी पत्करिली, आणि ते राघोजीस रुचले नाही. बापजाद्यांची हत्यारे गंजणार म्हणून त्याने अबोला धरिला, आणि पोर निघाला त्या दिवशी उंबऱ्यापर्यंतही आला नाही. पुढे वर्ष उलटता राग निवळला, परंतु म्हातारा हट्टी, तोंडाने बोलेना. आणि मुकुंदा त्याच झाडाचा फाटा, तोही बोलेना. मग त्याने तिकडून पार्सले धाडावी, खजूर धाडावा, साबण धाडावे, थंडीचे ब्लँकेट धाडावे, आणि वरती पत्ता घालावा तो बापाचे नावाने. राघोजीने पार्सल आपल्या हाताने उसवावे, आतील जिन्नस बघण्याआधी वरचे अक्षर निरखावे, आणि बायकोस म्हणावे की पोराचे अक्षर सुधारले हो. मग फोनवरही दोन शब्द होऊ लागले, हवापाण्याचे. येणेप्रमाणे बापलेकांत तह होत आला होता.

ऐसे असता भाद्रपद मासी राघोजीचे छातीत कळ आली आणि वैद्यास आणीपर्यंत जीव थांबला नाही. जाताना बायकोचा हात धरून एवढेच बोलिला, “पोराला कळवू नका. धावत येईल आणि अडकेल.” हे बोलणे वावगे नव्हते. वाळूच्या मुलुखी धनी लोक चाकराचा परदेशपरवाना आपल्या पेटीत कुलूप घालून ठेवीत, आणि करार सरल्यावाचून सोडीत नसत. त्याच गावचा लक्षू गुरव आई गेली ऐकून तेथून पळाला, तो वेशीवर धरिला जाऊन बंदीखान्यात पडला, त्याचा अद्याप पत्ता नाही. मुकुंदाचा करार पुढील सालच्या दिवाळीस सरणार, आणि पोर तर असा तापट की लक्षूच्या दुप्पट पळाला असता. मग पुतण्याने अग्नी दिला, गावास तोंड बंद ठेवावयास सांगितले, आणि सगुणाबाईने आपले रडेही पदरात कोंबून ठेविले. आवाज फुटला तर तो समुद्रापार ऐकू जाईल ऐसे तिला वाटे.

मग मुकुंदाचा फोन येई आणि तो बाबांस द्या म्हणे. आज देवळात गेले, आज निजले, ऐसी थापांची शिदोरी किती दिवस पुरणार? एके दिवशी ती बोलून गेली की त्यांना ऐकू येईनासे जाहले, फोनवरचे तर मुळीच कळत नाही. त्यावर मुकुंदा घाबरला आणि म्हणाला, “मग तू फोन त्यांच्या कानाशी धर, मी ओरडून बोलतो.” तिने फोन रिकाम्या खाटेवर ठेविला, आणि तो दूर देशी घसा ताणून खाटेशी बोलत राहिला, आणि ती भिंतीस टेकून ते ऐकत राहिली. बोलला काय, तर बाबा मी चुकलो, निघताना पाया पडावयास हवे होते. जे बाप जिवंत असता दोघांस जमले नाही ते असे जमले, आणि ऐकावयास तो नव्हता. माउलीने खोटे बोलावे पोराचा जीव राखण्यास, आणि त्या खोट्याने पोराच्या मनात नवी चिंता पेरावी, ही दैवाची चेष्टा म्हणावी.

कारण मुकुंदाने तिकडील मोठ्या दुकानी जाऊन कानात घालावयाचे यंत्र घेतले, उत्तमातले उत्तम, आणि जिन्नस नाजूक म्हणून टपालास निक्षून सांगितले की हे खुद्द मालकाचेच हाती पडावे. पार्सल विमानावर चढले, जकातीच्या चौकीत अडले, सुटले, आणि मार्गशीर्षात गावी दाखल जाहले. जासूद गावचाच, नाव बारकू. तो उंबऱ्याशी येऊन पार्सल हातात फिरवीत उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, हे मला तुमच्या हाती देता येत नाही, आणि खरं लिहिलं तर ते परत जाईल, शेरा घेऊन.” मग त्याने दार बंद होते ऐसे लिहिले आणि सुचविले की तालुक्याच्या ठाण्यात तुम्हांस कोणी ओळखत नाही, तेथे जाऊन बघा.

सगुणाबाईने मग कपाळी कुंकू लाविले, गळ्यात काळी पोत घातली. आरशात बघवेना म्हणून हातानेच चाचपून लाविले, आणि देवापुढे न थांबता एसटीत बसून तालुक्यास गेली. ठाणेदार त्रिंबकपंत, केस पिकलेले, चष्मा दोरीने बांधलेला, माणूस मऊ. तिने सांगितले की मालक आजारी, अंथरूण धरून आहेत, पार्सल माझे हाती द्यावे. पंतांनी कुंकवाकडे बघितले, थकल्या चेहऱ्याकडे बघितले, आणि म्हणाले की नियमात बसत नाही परंतु आजाऱ्यास चालत आणणे बरे नव्हे, देतो. पार्सल काढून मेजावर ठेविले, आणि रीतीप्रमाणे पुसिले की मालकाचे नाव काय.

“राघोजी,” सगुणाबाई बोलिली.

सरळ बोलिली, जसे कोणी शेजाऱ्याचे नाव सांगावे. आणि त्रिंबकपंतांची लेखणी थांबली. त्या राज्याची चाल ऐसी की जुन्या बाईने नवऱ्याचे नाव घेऊ नये, घेतल्यास त्याचे आयुष्य घटते. घेणेच पडले तर उखाण्यात गुंडाळावे, नाही तर शेजारणीस खुणवावे. पंतांच्या मातोश्रीने जन्मभर वडिलांस ‘अहो’ म्हणून हाक मारिली होती. आणि सगुणाबाईनेही चाळीस वर्षे ते नाव जिभेवर येऊ दिले नव्हते. परंतु भाद्रपदापासून रिकाम्या घरात ती त्याच नावाने त्यास हाका मारी, कारण आता घटावयास काही उरले नव्हते. जिभेस ती सवय पडली होती, आणि कुंकवाने जे झाकिले ते जिभेने उघड केले. तिचे ध्यानी आले तेव्हा पंत चष्मा काढून पुशीत होते.

“कधी गेले?” त्यांनी हळू पुसिले. मग तिने सगळे सांगितले, लक्षू गुरवाचे, अबोल्याचे, खाटेचे, आणि हात जोडून म्हणाली की काहीही लिहा, एवढे लिहू नका. पंत बोलिले की वारसदाराचा दाखला आणाल तर पार्सल देतो. तिने पुसिले, दाखल्यावर कोणाची सही लागते? तर मुलाची. दौलतीचा कायदा ऐसा. मग पंत म्हणाले, “एक करता येतं. ‘घेण्यास नकार’ असं लिहून परत धाडतो. नोकरी जाईल तर जाईल. मुलाला काही कळणार नाही.”

सगुणाबाईचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग तिला दिसले की मुकुंदाचे हाती पार्सल आले आहे आणि वर लिहिले आहे की बापाने नाकारिले. ज्याने खाटेपाशी घसा फोडून क्षमा मागितली त्यास हे उत्तर. तो पळून येणार नाही, तुरुंगात पडणार नाही, आणि जन्मभर समजेल की बाप रागातच राहिला. तिने पार्सलावरील अक्षरावर हात फिरविला आणि म्हणाली, “नाही हो. त्यांनी नाही म्हटलं नसतं. खरं तेच लिहा.” मग पंतांनी ‘मयत’ लिहिले, शिक्का मारिला, आणि पार्सल समुद्रापार रवाना जाहले.

पौष गेला, माघ लागला. फोन वाजे तेव्हा ती हात पदरास पुसून मग उचली. एके दुपारी वाजला आणि मुकुंदा ओरडला नाही. हळू बोलिला.

“आई, पार्सल परत आलं. आधी वाटलं बाबा अजून रागावलेत. मग शेरा वाचला.”

ती म्हणाली, “धावत येऊ नकोस रे. त्यांनीच बजावलं होतं.”

“नाही येत. सुतक इथंच धरतो, कामावर उभा राहून. तुझ्याकडे कधी गेले ते मग सांग. माझे आज गेले.”

आणि मग सगुणाबाईचे कोंडलेले रडे फुटले, ऐसे मोठ्याने की तिकडे मुकुंदा आणि इकडे ती, कोणाचे कोणते समजेना. आळीतील बायका हातातले काम टाकून धावत आल्या, आणि दारात उभ्या राहून पुसू लागल्या की कोण गेले.

“मुकुंदाचे वडील,” ती म्हणाली.

येणेप्रमाणे हकीकत. मुकुंदा करार सरेतो तिकडेच राहिला. यंत्र त्याजपाशी आहे, उघडिले नाही. दौलतीच्या दप्तरी ते पार्सल न पोचलेल्यांत मोजिले गेले. लिहिणारास याहून अधिक ठाऊक नाही.