रांजणात मोजलेली शांतता

"आमच्या गावाइतकी शांतता अख्ख्या बालीत सापडणार नाही! आणि हे मी नुसतं बोलणार नाही, आकड्यांत दाखवणार!"

कादेक सुवित्रीने ही घोषणा भर वर्गात केली. तीही इतक्या मोठ्यांदा, की शेजारच्या वर्गातल्या पोरांनीही माना वळवल्या.

अर्दिका सरांनी न्येपीचा दिवस मोजायला दिला होता. वर्षातला तो एकच दिवस असा, की चूल नाही, दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही आणि मोठ्याने बोलणं तर नाहीच नाही. फोनवर आवाज मोजायचा आणि सकाळभराचा आलेख काढायचा. ज्याचा आलेख उत्तम, तो जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार!

"बघू या," दरीपलीकडच्या गावातली मुर्नी म्हणाली. "आमच्या गावात तू नाहीस. म्हणजे निम्मी लढाई आम्ही जिंकलोच!"

न्येपी उजाडला. कादेक अंगणात फोन घेऊन बसली. अडतीस डेसिबल. माड सळसळला, एकेचाळीस. कोंबडा नुसता खाकरला, त्रेचाळीस! या कोंबड्याला काही धर्म?

मग तिला स्वयंपाकघरामागचा रिकामा रांजण आठवला. बोटभर जाडीचा! आत आवाज जाईलच कसा? तिने फोन आत सोडला आणि आकडा चक्क चढला. शंख कानाला लावल्यावर येतो तसा 'हूं' आतून येत होता. हे घुमतंय तरी काय, म्हणून तिने डोकं आत घातलं.

आता डोकं आत गेल्यावर गप्प बसेल ती कादेक कसली! "कोण आहे?" तिने हळूच विचारलं. रांजण ढिम्म. तिने आवाज खाली आणला, "ऊं..." आणखी खाली आणला. आणि एका सुरावर रांजण असा दणाणला, जणू जन्मभर त्याच सुराची वाट बघत होता! तिचे दात थरथरले. एवढ्याशा गुणगुणण्याला केवढा तो हंबरडा! बाईंनी आनंदाने तोच सूर पाच-सहा वेळा लावून खात्री करून घेतली आणि डोकं बाहेर काढायला गेल्या.

निघेना! जाताना गपचूप दुमडलेले कान येताना फणा काढून उभे राहिले.

"मेमेऽऽ!" तिने आईला हाक मारली. भीतीने आवाज खाली गेला आणि नेमका तोच सूर लागला.

मेमे धावत आली. "अगं, हळू! आज न्येपी आहे!" ती कुजबुजली. "थांब, फोडूनच टाकते."

"गावभर आवाज जाईल!" रांजण म्हणाला.

तेवढ्यात पेकाक, म्हणजे आजोबा, आले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांची कुजबुज तीन घरं ओलांडायची. "रांजण फोडायचा नाही! माझ्या आज्याचा आहे! डोक्याचं काय, तेही रिकामंच!"

पाठोपाठ काळ्यापांढऱ्या चौकडीचं वस्त्र कमरेला गुंडाळलेला गावचा पहारेकरी, ब्ली म्हणजे दादा सुदिर्गा, दारात उभा. "घरात रेडा कुणी बांधलाय?" तो दबक्या आवाजात कडाडला. "गप्प करा त्याला!"

"रेडा नाही, ब्ली. मी आहे मी, कादेक!"

सुदिर्गाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पहारेकऱ्यानेच हसायचं म्हणजे पंचाईत! डोळ्यांतलं पाणी पुसत त्याने तिच्या कानांवर खोबरेल ओतलं आणि रांजण धरला. "मी ओढतो. तू फक्त गप्प राहा."

तेल कानावरून गालावर आलं, गालावरून नाकात.

"ब्ली... थांब... मला..."

"गप्प!"

"आ... आ..."

शिंक आली! रांजण सुदिर्गाच्या मांडीवर, कादेक केळीच्या बुंध्याशी. गावातली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली. रांजणाच्या तळाशी फोन दाखवत होता: एकशे अकरा.

कादेकने काय केलं? आलेखातली दहा चाळीस ते अकरा ही वीस मिनिटं सरळ कापली आणि खाली लिहिलं, 'फोन बंद पडला.'

वर्गात तिचा आलेख तळ्याच्या पाण्यासारखा सपाट! सर खूश. "कादेक, प्रदर्शनाला बहुतेक तूच. मुर्नी, तुझं?"

मुर्नी उठली. "सर, माझ्या आलेखात दहा चाळीसनंतर हा डोंगर आलाय. आवाज दरीपलीकडून आला. मी निरीक्षण लिहिलंय, 'अज्ञात प्राणी. आकाराने मोठा. बराच वेळ हंबरत होता. मग स्फोटासारखा एक आवाज आणि त्यानंतर काहीच नाही. बहुधा मेला.'" तिने डोळे टिपले. "बिचारा!"

सगळा वर्ग हळहळला. पहिल्या बाकावरच्या दोघींनी तर हात जोडले.

"कादेक, हे तुमच्याच बाजूला झालं," सर म्हणाले. "तुला काही कळलं का?"

"नाही" म्हटलं की प्रदर्शन तिचंच होतं. तिने मुर्नीच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मेली ही मुर्नी! ती उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय? जरा मोठ्याने बोल," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी असं सांगत होतं!

"मेला नाही, सर," कादेक म्हणाली. "शिंकला."