सरदारांचा बगळा

सलीलची नेमणूक झाली नाही. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण सकाळी नऊ वाजता ती झाल्यातच जमा होती.

बडोद्याबाहेरच्या त्या तळ्याकाठच्या उद्यानात गाइडची एकच जागा होती. व्यवस्थापिका निरुपमाबेन म्हणाल्या होत्या, "आज पंधरा जणांना फिरव. जाम्युं, म्हणजे रंगलं, तर सोमवारपासून तू कायम." सलीलने मांजलपुरात आईला पेढे आणायलाही सांगून टाकलं. उद्यानाचं माहितीपुस्तक त्याने शेवटची दोन पानं सोडून तोंडपाठ केलं होतं.

मगरी झाल्या, पाणकोंबड्या झाल्या, पेडलबोटी झाल्या. मग काठावरच्या एका पडक्या जोत्यापाशी गुजराती पाटी लागली: 'सरदार तुकोजीरावनो बगलो'. गुजरातीत बगलो म्हणजे बगळा. आणि जोत्यावर एक बगळा उभा होताच. आणखी पुरावा काय हवा?

"हा सरदारांचा बगळा," सलील म्हणाला. "दरबारात त्याला मानाची जागा होती."

"हाच तो?" घोळक्यातल्या एका बेननी विचारलं.

"छे, हा त्याचा पणतू."

घोळक्याच्या मागून दिनकरराव नावाचे एक टोपीवाले गृहस्थ पुढे आले. "अहो, बंगलो आहे ते. वरचा अनुस्वार पुसलाय. सरदार माझे पणजोबा. इथे त्यांचा बंगला होता."

दुसरा कोणी गडबडला असता. सलील शांतपणे म्हणाला, "म्हणजे काका, तुम्ही दोघंही पणतूच की. ओळख नाही?"

बेन जोत्याकडे बघत म्हणाल्या, "बंगलो तो देखातो नथी. बगळा दिसतोय."

पंधरापैकी चौदा जणांचं हेच मत पडलं. दिनकररावांनी बगळ्याकडे पाहिलं. बगळ्याने मान वाकडी करून दिनकररावांकडे पाहिलं.

"नाक आमच्याच घराण्यातलं आहे," ते हळूच म्हणाले आणि शेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढवून घेतला.

फोटो फिरला. चार वाजेपर्यंत जोत्यापासून फाटकापर्यंत रांग लागली. निरुपमाबेननी सलीलला केबिनमध्ये बोलावलं.

"सरस काम केलंस. पब्लिक नुसता बगळा बघायला येते."

"मग सोमवारी किती वाजता येऊ?"

"मंजूर जागा एकच छे, सलील. ती बगळ्याला दिली. वेळेवर येतो आणि तोंड उघडत नाही."

सलीलने तिथेच कागद मागून अर्ज लिहिला:

'मा. व्यवस्थापिका यांसी, सविनय विनंती की, श्री. बगळा रजेवर अथवा स्थलांतरावर गेल्यास त्या कालावधीत हंगामी बगळा म्हणून प्रस्तुत अर्जदाराचा विचार व्हावा. अर्जदार एका पायावर चाळीस मिनिटे उभा राहू शकतो. माशांऐवजी शेवउसळ देण्यात यावी.'