टॅमरॅक गल्लीचं गटार

आमच्या टाउनशिपमध्ये कुणाच्या खिशातून किती डॉलर जातात आणि ते देताना त्याचा चेहरा कसा होतो, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! मी इथली खजिनदार, आणि मंडळाची सदस्यही. चर्चमध्ये कोण दानाच्या थाळीत नोट टाकतो आणि कोण नुसता हात फिरवतो, हे मी पाठमोऱ्या माणसावरूनही सांगते. तेव्हा गटाराच्या खर्चाचा वाद मी एका दुपारीत मिटवीन असं भर सभेत सांगून टाकलं, त्यात मला विशेष काही वाटलं नाही.

वाद असा. पाऊस पडला की टॅमरॅक गल्लीतल्या बारा घरांच्या तळघरांत पाणी भरतं. नवं, रुंद गटार घालायचं तर घरटी नऊ हजार डॉलर. त्या बारांतलं एक घर माझं. गल्लीच्या वरच्या अंगाला हार्लन व्हँडर प्लूगचं अंत्यविधीगृह आहे, आणि त्याला शेजारच्या हिरवळीवर डांबर ओतून पार्किंग दुप्पट करायचं होतं, त्यासाठी आमच्या सभेची मंजुरी हवी होती!

"हार्लन, तुझ्या आवारातलं पाणी आमच्याच गटारात येतं," मी म्हटलं. "निम्मा खर्च तू उचल."

"माझं पाणी मागच्या ओढ्याला जातं गं," हार्लन मऊ आवाजात म्हणाला. तो सगळंच मऊ आवाजात म्हणतो, धंद्याची सवय. "जोडलेलं आहे हे दाखव, तिथल्या तिथे चेक फाडतो."

दाखव म्हणे! मी धुराचं यंत्र मागवलं. हे यंत्र मॅनहोलवर ठेवायचं, गटारात पांढरा धूर फुंकायचा. जिथून धूर वर येईल ती जागा त्या गटाराला जोडलेली. आदल्या दिवशी घराघराच्या दाराला सूचना अडकवावी लागते, नाहीतर लोक घाबरून आगीचा बंब बोलावतात. मी सगळ्या दारांना अडकवली. फक्त हार्लनच्या नाही. त्याला सुगावा लागला असता तर गड्यानं पाणी जायच्या सगळ्या जाळ्यांत चिंध्या कोंबल्या असत्या!

कंत्राटदार ऑर्व्हिलला मोकळी दुपार मिळाली ती नेमकी व्हर्ना डाइकहाउसच्या अंत्यविधीची. व्हर्ना आमच्याच गल्लीतली. बुटकी, काटक बाई. सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, व्हर्ना वर्षानुवर्षं त्या तीन मिनिटांत एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणायची, "गटार रुंद करा!" आणि आम्ही वर्षानुवर्षं विषय पुढच्या सभेवर ढकलायचो. शेवटी ती सापडली तळघराच्या पायरीवर बसलेली. पाय पाण्यात.

मी आणि माझा नवरा ड्वेन शेवटच्या रांगेत बसलो. बाहेर धुकं इतकं, की खिडक्यांवर कुणी दुधाचा हात फिरवलाय असं वाटावं. पाद्री प्रार्थना सांगू लागले, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. माझी वर! शवपेटीखाली फरशीत पितळेची गोल जाळी होती, आणि तिच्यातून काहीतरी पांढरं हळूहळू वर येत होतं.

"लोर्ना!" ड्वेन कुजबुजला. "अगं, हसतेयस काय? मयताला आलोय आपण!"

"गप रे! नऊ हजारांतले निम्मे वाचले!" मी मोबाइल काढून फोटो घेतला.

धूर पसरेल असं मला वाटलं होतं. तो पसरला नाही. एका बुटक्या बाईच्या उंचीइतका झाला आणि थांबला. मग दोन रांगांच्या मधल्या वाटेनं, घाई न करता, आमचे टाउनशिपप्रमुख गेरिट पोस्टमा बसले होते तिथवर आला. त्यांच्या कानाशी वाकला! पाद्रींचा आवाज बंद पडला. ओल्या तळघराचा वास सुटला, आणि कुठेतरी पाण्यात पाय हलवल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही.

गेरिटच्या एका कानाची पाळी भिजली होती. विधीनंतरचे हॅमचे बन कुणी तोंडाला लावले नाहीत. आमच्या गावात फुकटचे बन उरले, ही मला भुतापेक्षा मोठी बातमी वाटली!

पुढच्या सभेला, जिथे एरवी कॉफीपुरती चार टाळकी येतात, तिथे भिंतीला चिकटून माणसं उभी! मी फोटो उंच धरला.

"लोकहो, भूतबीत काही नाही! हा माझ्या यंत्राचा धूर. तो हार्लनच्या जाळीतून आला, म्हणजे हार्लनचं आवार आमच्या गटाराला जोडलेलं आहे!"

"धूरच तो!" हार्लन पहिल्यांदाच ओरडला. इतका सुटल्यासारखा दिसला बिचारा! "जोडलेलंच आहे! निम्मा खर्च माझा!" आणि त्यानं चेकबुक काढलं.

इथे मी खाली बसायला हवं होतं. पण नाही! मला पावतीवर शिक्काही हवा होता. "ऑर्व्हिल, ऊठ. सांग सगळ्यांना."

ऑर्व्हिल उठला. हातातली टोपी पिळत म्हणाला, "बाई, मी यंत्र चालूच केलं नाही."

"काय?"

"दारात शववाहिनी उभी होती ना! अशा वेळी कुणी यंत्र घरघरवतं का? टोपी काढली, ट्रकमध्ये बसून राहिलो. ते लोक पेटी घेऊन दफनभूमीकडे निघाले, तेवढ्यात पाऊस आला. घरी गेलो. म्हणून तर तुम्हाला बिल पाठवलं नाही."

हार्लननं चेकबुक हळूच खिशात घातलं.

मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "तिला जायला वाट नाही. पाइप अरुंद आहे."

"रुंद करा!" माझी शेजारीण ग्रिएटा किंचाळली. बिंगोत पाव डॉलरसाठी भांडणारी बाई! "आम्ही देतो! सगळे नऊ हजार! आजच!"

"देतो!" अख्खी गल्ली म्हणाली.

गेरिट अजूनही ओल्याच असलेल्या कानाला रुमाल लावून उभे राहिले आणि त्यांनी मतं मागितली. सदस्यांचे हात भराभर वर. पार्किंगचा विषयही त्याच दमात मंजूर, कारण अंत्यविधीगृहाबाहेर भूत बघायला आलेल्या गाड्यांची रांग महामार्गाला टेकली होती आणि जागा कमी पडते की नाही यावर चर्चा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परत येताना ड्वेन चिडलेला. "बाकीच्यांचं सोड. खजिनदारीण तू! नऊ हजार घालवायला दोन्ही हात वर?"

त्याला काय सांगू! सभागृहाच्या फरशीतली जाळी नेमकी माझ्या खुर्चीखाली आहे, आणि मतं मोजली जात असताना कुणीतरी खालून माझ्या घोट्यांवर गार, ओली फुंकर घालत होतं. पाय वर घेता आले असते तर मी तेही मोजायला दिले असते.