टेबलाचा चौथा पाय

टेबलाखालची पुठ्ठ्याची घडी काढून घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. याहून मोठी पापं लोकांनी केली आहेत (आणि पचवलीही आहेत).

त्याचं असं झालं. बायकोला हेड रिसेप्शनिस्टच्या मुलाखतीसाठी इंग्रजी सुधारायचं होतं, म्हणून संध्याकाळी एक सर घरी येऊ लागले. सर उंच, डोक्यावरचे केस शाबूत, आणि ते काहीही बोलले की बायको हसायची. माझ्या विनोदाला ती शेवटची कधी हसली, मला आठवत नाही. मी शेजारी पेपर धरून जळत बसायचो. खोटं कशाला सांगू, नुसता जळफळाट व्हायचा.

त्या दिवशीचा शब्द होता 'डीस्टॅबिलाइज'. सर समजावत होते, की याचा अर्थ नुसतं हलवणं नव्हे. जे नीट उभं आहे त्याचा आधार काढून ते डळमळीत करायचं. सरकार, बाजार, सुखाचा संसार. 'संसार' म्हणताना त्यांनी बायकोकडे पाहिलं. (समोर तीच बसली होती हे मान्य, पण तरी.) माझं डोकं फिरलं. पेन पडल्याचं निमित्त करून मी वाकलो आणि टेबलाच्या आखूड पायाखालची घडी खिशात घातली. टेबल डुगडुगेल, चहा सांडेल, सर पुन्हा फिरकायचे नाहीत, असा माझा बेत होता.

टेबल डुगडुगलं. दोघांनी ते एकदमच दाबून धरलं, हाताला हात लागला आणि दोघंही हसली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"अहो," बायको म्हणाली, "नुसते बसलाच आहात, तर जरा खाली बसून पाय धरता का?"

(टेबलाचा, हे तिने नंतर सांगितलं.)

टेबलाखाली मांडी घालून मी पाय उचलून धरला. घडी खिशातच होती, पण ती आता कुठल्या तोंडाने काढणार? वर सर म्हणाले, हा शब्द वापरून स्वतःचं एक वाक्य करा. बायको सावकाश इंग्रजीत म्हणाली, की माझं घर कोणीही डीस्टॅबिलाइज करू शकत नाही, कारण घरात माझा नवरा आहे.

माझा ऊर भरून आला. मी उगाच त्या भल्या माणसावर जळत होतो. भावनेच्या भरात मी ताडकन उभा राहिलो.

टेबलासकट.

दोन्ही कप सरांच्या मांडीवर गेले. माझ्या खिशातली घडी बायकोच्या पायाशी पडली. तिने ती उचलली, टेबलाच्या पायाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

सर रुमालाने पॅन्ट पुसत होते.

"वाक्य अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त माहिती चुकीची आहे."