तात्यांच्या चिवड्यातला फॉल्ट

चिवड्याची फोडणी पोह्यांवर ओतण्याआधी आमचे सीतारामतात्या स्वयंपाकघरातून मोठ्यानं विचारतात, "लाईन बंद?" आणि घरात जो कोणी असेल त्यानं तितक्याच मोठ्यानं "बंद!" असं उत्तर द्यायचं असतं. उत्तर आल्याशिवाय तात्या फोडणी ओतत नाहीत. मग मोहरी काळी पडो नाहीतर कढीपत्त्याचा कोळसा होवो. एका वर्षी माझ्या तोंडात खोबऱ्याचा काप होता म्हणून मी नुसतीच मान हलवली. तात्यांनी दोनदा विचारलं, कढई खाली ठेवली, शांतपणे बाहेर आले आणि मला म्हणाले, "खांबावरच्या मानसाला खालच्याची मान दिसती का रं इलास?"

तात्या माझे सख्खे चुलते. कळंबला राहतात. सगळी नोकरी त्यांनी लाईटीच्या खात्यात वायरमन म्हणून केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. बंडीच्या खिशाला अजून टेस्टर असतो. लग्नाला जाताना नवा सदरा घालतात, तेव्हा टेस्टर त्या सदऱ्यात जातो. चिवडा करताना पायात रबरी चप्पल घालून लाकडी पाटावर उभे राहतात. गॅसच्या शेगडीला विजेचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं होतं. "सवयीला कारण इचारू नये," एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या तोंडी चिवड्याची भाषाही खात्यातलीच. पातळ पोहे गच्चीवर उन्हात घातले की ते चार्जिंगला लावलेले असतात. मिरची म्हणजे लोड. पिठीसाखर म्हणजे अर्थिंग. ती नसली तर तिखटाचा झटका बसतो. माझी बायको शैला हिला त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "सुनबाई, खोबरं जाड कापू नगंस, भाजताना त्याचा ट्रान्सफॉर्मर जळतो." शैला मूळची संगमनेरची, लग्न होऊन नुकतीच आलेली. आपण कुठल्या घरात पडलो, असा चेहरा करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खोबरं खात होतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं मंचरहून मोटारसायकलवर कळंबला जातो. पोहे, डाळं, शेंगदाणे आमचेही सोबत असतात, कारण आमच्या घरचा चिवडाही तिथंच होतो. पूर्वी काकी असायच्या. त्या पदरानं घाम पुसत, वैतागून, "बंद, बंद, बंद हाय बाबा," असं उत्तर द्यायच्या. आता मुलगा-सून पुण्याला नोकरीवर, नातू लहान, म्हणून काकी त्याला सांभाळायला हडपसरच्या फ्लॅटमध्ये असतात. सगळे लक्ष्मीपूजनाला येतात आणि भाऊबीज झाली की गाडीत बसून जातात. तात्याही चार दिवस तिकडे राहून आले. म्हणाले, "झ्याक हाय. पर तिथं लाईट जात न्हाई. मानसानं करायचं काय?"

त्या रविवारी कामं ठरलेली. कांदा तात्या स्वतः चिरतात आणि कुरकुरीत तळतात. मिरच्या शैला चिरते. खोबरं माझ्याकडे, कारण माझ्याकडून दुसरं काही बिघडू शकेल याची सर्वांना खात्री आहे. खोबरंही दरवर्षी कमीच भरतं. ते कुठं जातं हे माझ्या पोटाकडे पाहिल्यावर कुणी विचारत नाही.

पण या चिवड्याची खरी गंमत तो झाल्यावर सुरू होते. तात्यांचा चिवडा पहिल्या फेरीत कधीच पुरा नसतो. त्यात काहीतरी एक गोष्ट राहिलेली असते. तात्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, आळीला हाका मारतात आणि मोठ्या परातीत चिवडा आणून ठेवतात. "फॉल्ट हाय. कुठं हाय ते मला घावंना. तुमी बगा."

मग आळी कामाला लागते. समोरच्या हौसाबाई असतात, ज्यांना देवाच्या प्रसादातही खोट काढता येते. शेजारचे गेनूभाऊ असतात. ते कांद्याचा भाव, टोमॅटोचा भाव आणि उसात दिसलेला बिबट्या या तीन विषयांवर आलटून पालटून बोलतात. आणखी चार-सहाजण येतात. तात्या सगळ्यांना शिस्तीनं तपासायला लावतात. खात्यात लाईन कुठं तुटली हे शोधायला पहिल्या खांबापासून चालत जावं लागतं, म्हणून इथंही आधी पोहे, मग शेंगदाणे, मग डाळं, अशी पायरीपायरीनं चव घ्यायची. कुणी मध्येच उडी मारून "हिंग" म्हणालं, तर तात्या त्याला परत पोह्यांवर आणून सोडतात.

मी दरवर्षी "मीठ" म्हणतो. डॉक्टरांनी माझं मीठ तोडल्यापासून मला जगात सगळीकडेच मीठ कमी वाटतं. त्यामुळे माझं मत कुणी धरत नाही. हौसाबाई म्हणतात, "तुमचं मीटर बंद हाय ओ, तुमी निस्तं खावा."

फॉल्ट सापडला की तात्या आत जातात आणि राहिलेली वस्तू वाटीत घेऊन येतात. ती चिवड्यात जाते, सगळे पुन्हा खातात, आता बरोबर झालं म्हणतात, आणि मग कुठं चहाची पातेली रिकामी होऊन लोक उठतात. एका वर्षी हळद राहिली होती. परात बाहेर येताच गेनूभाऊ लांबूनच म्हणाले, "तात्या, चिवडा पांढरा का ओ?" सगळे हसले. तात्या मात्र दिवसभर फुरंगटून होते. "हा काय फॉल्ट झाला? खांबच आडवा पडल्यावर आंधळ्यालाबी दिसतो." उलट ज्या वर्षी भरडलेले धने राहिले, त्या वर्षी ते कुणालाच ओळखता येईनात. अंधार पडला, चहा तीनदा झाला, शेवटी हौसाबाईंनी घरून पिठलं-भाकरी आणली आणि सगळी आळी तात्यांच्या ओट्यावरच जेवली. तात्या इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. विसराळूपणाचा एवढा आनंद मानणारा माणूस विरळाच, असं मी परतताना शैलाला म्हणालो होतो. माझी बुद्धी तेवढ्यावरच थांबते.

यंदाही आम्ही गेलो. चार्जिंग झालेले पोहे तात्यांनी मंद आचेवर भाजले, चिमटीत घेऊन चुरडून पाहिले. फोडणी तयार झाली. "लाईन बंद?" मी तोंड रिकामं करून "बंद!" म्हणालो. चरचर आवाज झाला, हिंगाचा वास अंगणापर्यंत गेला. मीठ-साखर घालून तात्यांनी हलक्या हातानं चिवडा खालीवर केला आणि आळीला हाका मारायला बाहेर गेले.

शैला भांडी आवरत होती. पिठाच्या डब्यामागं तिला एक वाटी दिसली, वर ताटली झाकलेली. आत आमचूर. तिनं चिवडा चाखला, पुन्हा वाटीकडे पाहिलं.

"अहो, तात्या आमचूर घालायचं विसरले बघा. काढून ठेवलंय आणि घातलंच नाही."

"वय झालं," मी शेंगदाणे निवडून खात म्हणालो.

"दरवर्षी बिचाऱ्यांना लोकांसमोर खाली बघावं लागतं," असं म्हणत तिनं वाटी चिवड्यावर पालथी केली, नीट कालवलं, आणि वाटी धुऊन पालथी ठेवली. काम इतकं नेटकं झालं की मला तिचा अभिमान वाटला.

परात ओट्यावर आली. खुर्च्या भरल्या. आत मोठं पातेलं भरून चहा गॅसवर चढला होता. तात्या हातावर हात चोळत म्हणाले, "यंदाचा फॉल्ट लई अवघड हाय. चला, पयल्या खांबापासनं."

हौसाबाईंनी चिमूट तोंडात टाकली. डोळे मिटले. आणखी एक चिमूट घेतली. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय न्हाई म्हंजी?"

"म्हंजी काय कमी न्हाई. चांगला झालाय."

हौसाबाईंच्या तोंडून 'चांगला' हा शब्द आळीनं बहुधा प्रथमच ऐकला. गेनूभाऊंनी मूठभर तोंडात टाकला आणि ते म्हणाले, एक नंबर झालाय राव. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी नेहमीप्रमाणे मिठाचा विषय काढून पाहिला, पण सगळ्यांनी मला एकदम गप्प केलं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. लोक उठले. हौसाबाईंना करंज्यांचं सारण करायचं होतं. गेनूभाऊंची मोटर चालू राहिली होती. ज्याला त्याला काम आठवलं. चिवड्याच्या कागदी पुड्या घेऊन, तात्यांच्या पाठीवर थाप मारून, मंडळी आपापल्या घरी गेली. बिबट्याचं नावही निघालं नाही. आत चहाला अजून उकळी फुटायची होती.

तात्यांनी एक चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश चावली. मग ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ती धुतलेली वाटी होती.

"सुनबाई, ह्यात आमचूर व्हतं."

"मी घातलं, तात्या," शैला आनंदानं म्हणाली. "तुम्ही विसरला होतात."

तात्यांनी वाटीकडे पाहिलं, शैलाकडे पाहिलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "लई झ्याक झालाय चिवडा." आणि ते खुर्च्या एकावर एक रचायला लागले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, बस तू.

आळीसाठी केलेल्या चहातले तीन कप आम्ही तिघांनी घेतले. पातेलं भरलेलंच राहिलं. तात्या ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले होते.

"तुला सांगतो इलास," ते म्हणाले, "लाईट गेली का आख्खं कळंब माज्या नावानं हाका मारायचं. तात्या हिकडं या, तात्या तिकडं बगा. खांबावर चढलो का खाली ही गर्दी. कुनी बॅटरी धरतंय, कुनी पानी आनतंय. आन् लाईट आली रं आली, का समदी घराकडं पळायची. मी खाली उतरंस्तवर खांबाखाली कुत्रंबी नसायचं." ते हसले. "मानसाचं काय चुकलं? लाईट असल्यावर वायरमन कुनाला लागतो?"

हसण्यासारखंच ते बोलले होते, म्हणून मीही हसलो. शैला हसली नाही. ती त्या वाटीकडे बघत होती.

मंचरला येईपर्यंत हायवेच्या ट्रकांच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतंच. घरी पोचून डबा फळीवर ठेवताना ती म्हणाली, "अहो, ते विसरत नव्हते."

"कळलं," मी म्हणालो.

"कधी?"

"तुला कळलं तेव्हाच." हे अर्थात खोटं होतं. मला हायवेवर, एका कांद्याच्या ट्रकमागं अडकलो असताना कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं स्टेशनरीचं दुकान शैलाला सांभाळायला सांगून मी चिवड्याचा डबा घेऊन निघालो. दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या वह्या कुणी घेत नाही, त्यामुळे हा त्याग फार मोठा नव्हता. तात्यांच्या अंगणात शिरलो तर आतून फोडणीचा वास येत होता. दुसरा घाणा चालला असणार. दार उघडं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी हाक मारणार, एवढ्यात आतून आवाज आला.

"लाईन बंद?"

मी थांबलो. मोहरी तडतडत होती. आत पाटावर रबरी चप्पल किंचित सरकल्याचं ऐकू आलं. तात्या वाट बघत होते. कुणाची, कोण जाणे. कढीपत्ता करपायला लागल्याचा वास आला.

"बंद," मी अंगणातूनच म्हणालो.

मग चरचर करत फोडणी पोह्यांवर पडली.

"कोन हाय?"

"मी, विलास. तात्या, कालच्या चिवड्यात फॉल्ट आहे."

तात्या झारा हातात घेऊन दारात आले. माझ्याकडे आणि डब्याकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं.

"मीठ म्हनू नगंस."

"नाही म्हणत. पण काहीतरी आहे. रात्रभर खाल्ला, सापडत नाही. शैलालाही सापडेना, तीसुद्धा संध्याकाळी दुकान बंद करून येतेय."

त्यांनी डब्यातली चिमूट तोंडात टाकली. बराच वेळ चावली. मग झारा खांद्यावर टाकून ते फाटकापर्यंत गेले आणि समोरच्या घराकडे तोंड करून म्हणाले, "ओ हौसाबाई, सारन ऱ्हाऊ द्या. हिकडं फॉल्ट झालाय."

आणि परत येताना मला म्हणाले, "बगत काय ऱ्हायलास? खुर्च्या काड."